ओल्या कार्डांची खंडेनवमी

न शिकण्यात हंबीररावांचा फायदाच फायदा होता. ऊसनोंदीचं रजिस्टर बावीस वर्षं त्यांच्या टेबलावर. तोडणीची पाळी विचारायला आलेला माणूस आधी नमस्कार घालायचा, मग तोंड उघडायचा. १९७८ साली सांगलीजवळच्या त्या साखर कारखान्याने नोंदी पुण्याच्या कॉम्प्युटरवर न्यायचं ठरवलं आणि कार्डांना भोकं पाडून नोंद उतरवणारं यंत्र आणलं. ते शिकलं, की नमस्कार यंत्राला जाणार! शिवाय शिकवणारी कोण? कोरेगावच्या बौद्ध वस्तीतली विजयमाला, वयाने त्यांच्या लेकीएवढी. तिच्यापुढे विद्यार्थी होऊन बसायचं?

"चष्म्याचा नंबर बदललाय," असं सांगून त्यांनी आठवडाभर शिकवणी चुकवली. चष्मा तोच होता.

खंडेनवमी आली. पूजेचा मान हंबीररावांचा. विजयमाला जेवायला गेली होती. त्यांनी यंत्राला हार घातला, नारळ फोडला, आणि तिने दोन दिवस खपून तयार केलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांना ओलं हळदकुंकू लावून वर नारळाचं पाणी शिंपडलं. कार्डं फुगली!

मॅनेजरसाहेब विजयमालावरच कडाडले, "कार्डं तुमच्या ताब्यात होती. परवा सकाळी पुण्याला गेली नाहीत, तर दुसरी नोकरी बघा!"

हंबीरराव हळूच बाहेर सटकले. शिपाई आण्णांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"पानी कुनी शिंपडलं ते म्या बघितलंय. तुमी सांगताय का मी सांगू?"

"आरं, मला काय ठावं, कार्ड भिजलं की वाया जातंय?"

"ठावं कसं असंल? बाईंनी पयल्याच दिशी सांगितलं, ओलं बोट लावू नगा. तवा तुमी इडी वडायला गेलता!"

हंबीरराव साहेबांच्या खोलीत गेले. बाहेर आले ते कान लाल करून, आणि थेट विजयमालाच्या टेबलापाशी.

"साहेबांना खरं काय ते सांगितलंय. पण सहाशे कार्डं एकटीनं व्हायची न्हाईत. मला... दाखवा."

"बसा भाऊसाहेब. ह्या आकड्यांच्या कळा."

"भोक चुकलं तर बुजवायचं कसं?"

"बुजत नाही ते. कार्ड टाकायचं, नवं घ्यायचं. मी पुण्यात शिकताना पहिल्या दिवशी चाळीस टाकली."

"चाळीस!" हंबीररावांना भलतंच हायसं वाटलं.

दसऱ्याच्या सुटीत दोघं यंत्रावर आळीपाळीने बसली. एका बोटाने हंबीररावांनी नव्वद कार्डं उतरवली. तेरा टोपलीत गेली. ठरल्या वेळी गठ्ठे पुण्याला रवाना झाले.

बंधुभगिनींनो, एखादी गोष्ट येत नाही, यात लाज कसली? शिकवणारा कुठल्या घरचा हे बघत अडाणी राहणं, आणि त्या अडाणीपणाची शिक्षा दुसऱ्याला भोगू देणं, लाज त्याची वाटली पाहिजे!

आता कोणाचं काय गेलं ते बघू. हंबीररावांचा तोरा गेला. त्याला तसाही कुठे भाव नव्हता. कचेरी उघडायला आलेल्या आण्णांची सुटी गेली. आणि कोरेगावच्या विहारात, धम्मदीक्षेचा दिवस म्हणून होणाऱ्या विजयादशमीच्या वंदनेला, विजयमालाचे आईवडील दिवसभर तिची वाट बघत राहिले. चूक तिची नव्हती. सगळ्यांत जास्त भरलं ते तिने.