तिसऱ्या खोक्यातली केळी

मान्यता मिळाली तर हेमकांत सरांच्या पदरात बरंच काही पडणार होतं: दारावर ‘संशोधन केंद्र’ अशी पाटी, नावापुढे ‘मार्गदर्शक’, आणि शहाद्याच्या एसटी स्टँडवर भेटणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या ‘अजून कॉलेजातच का?’ या प्रश्नाला कायमचं उत्तर. एक लाभ मात्र त्यांनी हिशेबात धरला नव्हता, कारण तो त्यांचा नव्हता. केंद्र झालं तर एम.एस्सी.ला पहिल्या आलेल्या तबस्सुमला पीएच.डी.साठी गाव सोडावं लागणार नव्हतं.

विद्यापीठाची समिती सोमवारी येणार होती. सर तापीकाठच्या केळीवाल्या घरातले, म्हणून प्रयोगही केळीचाच. तीन खोकी, तिन्हींना हवेसाठी भोकं. पहिल्यात नुसती कच्ची केळी. दुसऱ्यातल्या केळ्यांना इथिलीन वायू दिलेला. तिसऱ्यातल्यांनाही दिलेला, पण आधी एक औषध देऊन.

“इथिलीन म्हणजे निरोप्या,” सर वर्गात सांगत. “पेशीतला ग्राही निरोप घेतो आणि पिकवणारी जनुकं जागी होतात. हे औषध ग्राहीलाच अडवून बसतं. निरोप्या दारात उभा, घरात कुणाला पत्ता नाही!”

म्हणजे सोमवारी मधलं खोकं पिवळं, कडेची दोन हिरवी.

अंधश्रद्धेवर दर वर्षी दोन तास तोंडसुख घेणारे हेच सर गुरुवारी दुपारी एकटे प्रयोगशाळेत आले आणि खोक्यांसमोर त्यांनी उदबत्ती लावली. एकीने काय होतंय, म्हणून अख्खा पुडा. धूर कुणाला दिसू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद.

सोमवारी सकाळी पहिलं खोकं उघडलं, तर केळी पिवळीधमक.

“जसोदाबाई! कुणी हात लावला?”

“मन्हा हात बी लागना नही, सर!” प्रयोगशाळेची व्यवस्था बघणारी जसोदाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “चावी तुमनाजवळ, नि चोर मी?”

तबस्सुमने वाकून वास घेतला. खोक्यामागे बोट फिरवलं. बोटाला राख.

“सर, आमच्या अब्बांच्या वखारीत पूर्वी केळी अशीच पिकवायचे. बंद खोली आणि उदबत्त्या. धुरात इथिलीन असतं.” मग हळूच, “पण इथे लावली कुणी?”

तेवढ्यात समिती दारातच. अध्यक्ष मॅडमनी पिवळी केळी पाहिली, तबस्सुमच्या बोटावरची राख पाहिली. “हे काम कुणाचं?”

सगळ्यांच्या नजरा जसोदाबाईकडे वळल्या. तिच्या टेबलावर देवीचा फोटो होता, पुरावा आयताच. सरांना काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की पाटी त्यांची आणि मेमो तिचा. इतका स्वस्त सौदा त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. जसोदाबाई त्यांच्याकडे बघत होती. रागाने नाही, सर सांगतील, एवढ्या भरवशाने.

“माझं,” सर म्हणाले. “गुरुवारी, दुपारी दोनला. तुम्ही येणार म्हणून.”

“किती उदबत्त्या?”

“अख्खा पुडा.”

मॅडमच्या मागचे एक सदस्य खोकण्याचं निमित्त करून बाहेर गेले.

तबस्सुमने तिसरं खोकं पुढे सरकवलं. “मॅडम, हे बघा. धूर यालाही लागलाय. वायूही मिळालाय. दोन-दोन निरोप आले, तरी ही केळी हिरवीच आहेत.”

मॅडमनी एक केळं दाबून पाहिलं. टणक. दुसरं पाहिलं. तेही टणक.

“लपवलं असतंत तर प्रयोग फुकट गेला असता,” त्या सरांना म्हणाल्या. “आता चूक वेळेसकट कळली. औषध वायूला पुरून उरलं आणि तुमच्या भक्तीलाही. नोंदवहीत लिहा सगळं. पुड्यासकट.”

महिनाभरात मान्यता आली. तबस्सुमचा पहिला अर्ज, पहिली जागा. पिकलेली केळी विद्यार्थ्यांनी त्याच दुपारी संपवली होती, आणि तबस्सुमच्या अब्बांना, मेहबूबभाईंना, आपला जुना धंदा विज्ञानात निघाल्याचा आनंद मावत नव्हता. फुकटात सगळ्यांचंच भलं झालं. भुर्दंड बसला तो एकट्या सरांना: आता प्रयोगशाळेत शिरण्याआधी जसोदाबाई त्यांचे खिसे तपासते, विद्यार्थ्यांदेखत, आणि मार्गदर्शक मुकाट्याने हात वर करून उभे राहतात.