फर्म्यावरचा पाय

नवऱ्याच्या पायाच्या पाठीवर सुपारीएवढी गाठ होती, ती काढायला डॉक्टरांना वीस मिनिटं लागली. पुढच्या आठ दिवसांनी मात्र बायकोच्या नाकी नऊ आणले.

नवरा बूट शिवणारा. फर्मा म्हणजे पायाचा लाकडी नमुना; त्यावर ओलं कातडं ओढून बसवायचं, खिळे ठोकायचे आणि वाळू द्यायचं, यात त्याची चाळीस वर्षं गेली. कुणी कसलंही गाऱ्हाणं आणो, पोरगं ऐकत नाही की सून तापट आहे, याचं उत्तर ठरलेलं, "फर्म्यावर चढवा, बसेल." त्यावरून सगळी गल्ली त्याला फर्माच म्हणायची. त्याला साखरेचा आजार होता. थोरल्या भावालाही होता, आणि अशाच एवढ्याशा जखमेपायी त्याचा पाय गुडघ्यापासून गेला होता. म्हणून बायको डोळ्यांत तेल घालून जखम बघायची.

नर्सबाईंनी सांगितलं होतं, "काकू, पाय छातीच्या वर राहिला पाहिजे, खाली दोन उशा घ्या. घट्ट काही बांधायचं नाही. चार-पाच दिवस सूज राहणारच, मग ओसरेल." त्यांनी घोट्याजवळ अंगठा दाबून दाखवला. "हा खड्डा पडतो ना, तो रोज लवकर भरायला लागला की समजायचं सूज उतरतेय."

घरात उशा दोनच होत्या. त्याने डोक्याखाली जुना कोट घेतला, तिने स्वतःचा दंड.

सकाळी साखर बघायची, पट्टी बदलायची, त्याचं खाणं झाकून ठेवायचं, की ती हॉटेलच्या धुलाईघरात. तिथे दहा तास उभं राहून चादरी इस्त्री करायच्या. संध्याकाळी कठडा धरून तीन मजले चढायची, आणि चपला काढायच्या आत पुन्हा पट्टी, अंगठा, खड्डा. पाचव्या दिवशी खड्डा भरायला जितका वेळ लागला, तितकाच सातव्या दिवशीही लागला. वर एका टाक्याची कड काळसर दिसायला लागली.

"पाय खाली सोडत असतील," फोनवर नर्सबाई म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी दाखवायला आणा. आणि लक्ष द्या जरा, काकू."

लक्ष द्या म्हणे! आणखी कुठून आणायचं लक्ष? पण ती नुसतं "बरं" म्हणाली. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

दुसऱ्या दिवशी धुलाईघरातलं वाफेचं यंत्र बंद पडलं आणि सगळ्यांना दुपारीच सोडलं. तिने दार उघडलं, तर नवरा लगबगीने चादर पायावर ओढतोय.

"एवढ्यात आलीस?"

"का, चिठ्ठी पाठवून यायचं होतं?"

तिने चादर ओढली. दोन उशांवर, छातीच्या वर, अगदी सांगितल्यासारखा पाय ठेवला होता. फक्त तो बुटात होता. ओलसर केलेल्या चामड्याच्या उंच बुटात, नाडी पार वरपर्यंत आवळलेली.

"अहो, हे काय?"

"सूज बसवतोय," तो कामातलं बोलावं तसं म्हणाला. "फुगलेलं कातडं आवळून ठेवलं की आकार धरतं. तू गेलीस की चढवतो, यायच्या आधी काढतो."

"कातडं मेलेल्या जनावराचं असतं हो! हा जिता पाय आहे! भाऊजींचं बघूनसुद्धा..." त्याच्याच रापीने तिने नाडी कापली. राग आला होता, आणि भीती त्याहून जास्त.

डॉक्टरांनी एक टाका उसवला, आतलं पाणी काढलं. "आणखी दोन दिवस असंच चाललं असतं, तर हा पाय माझ्या हातात राहिला नसता," एवढंच म्हणाले. परत येताना रिक्षा घराजवळ आली तेव्हा फर्मा म्हणाला, "जिन्यात तू हल्ली दोनदा थांबतेस. मला वर ऐकू येतं. म्हटलं, लवकर उभा राहिलो तर तुझी ओढाताण तरी संपेल."



त्यानंतर त्याने पाय उशांवरून हलवला नाही. पाचव्या संध्याकाळी तिने अंगठा दाबून उचलला, तर खड्डा बघता बघता भरला. तिने पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा भरला. "वाचला," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेला मटकन बसली.

तो उठून बसला. गिऱ्हाइकाचा घ्यावा तसा त्याने तिचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"अहो, सोडा. भांडी पडलीत."

त्याने घोट्याजवळ अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. हजारो पाय हाताळलेला तो माणूस, वाकून वाट बघत बसला. खड्डा भरेना.

"कधीपासून?"

"लक्ष कुणी दिलंय?"

त्याने आपल्या पायाखालची एक उशी काढून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. "उद्या धुलाईघरात जायचं नाही. नर्सबाईंना आधी हा दाखवायचा."

ती नको म्हणायला तोंड उघडणार होती. पण पाय उशीवर टेकले आणि तिला उठवेना. भांडी तशीच पडून राहिली.