आत्यांची बारावी गाडी

मी एक जुनी स्पोर्ट्स सेडान आहे आणि अखेर मी विकली गेले.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आत्मवृत्तात शेवट आधी सांगायचा नसतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. तर पुन्हा. मी एक जुनी स्पोर्ट्स सेडान आहे आणि माझं पुढं काय होणार याची मला अजिबात कल्पना नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला, त्यामुळे मराठी मला उपजत येतं. थांबलेल्या स्थितीतून आठ सेकंदांत शंभराचा वेग गाठते, असं माझ्या जाहिरातीत लिहिलं होतं. माझे पहिले मालक चेन्नईचे गणेशकुमार. ते मला रोज ऑफिसला न्यायचे. त्या रस्त्यावरच्या गर्दीत मी शंभर गाठलं नाही. साठही नाही. एकदा पंचेचाळीस गाठलं, तर मालकांनी घरी फोन करून सांगितलं. पुढं त्यांना जुळं झालं, जुळ्यांची बाबागाडी माझ्या डिकीत मावेना, आणि मी तंजावूरला साईरामच्या जुन्या गाड्यांच्या आवारात येऊन पडले.

साईराम प्रेमळ माणूस आहे. तो प्रत्येक गाडी ‘डॉक्टरांची’ म्हणून दाखवतो. त्या आवारात डॉक्टरांच्या एकतीस गाड्या होत्या. त्यांतला एक ट्रॅक्टर होता.

दीड वर्ष मी कडुनिंबाखाली उभी होते. गिऱ्हाईक यायचं, माझं पोट आणि जमीन यांच्यामधलं अंतर वाकून बघायचं आणि हळहळत दुसरीकडे जायचं. कावळे मात्र नियमित यायचे.

मग एका रविवारी सकाळी साडेसातला सेतुमाधव आले. राजवाड्यामागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारं मराठी घर, शाळेत गणित शिकवतात. बरोबर त्यांच्या आत्या कमलाक्षी, वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर रेशमी नऊवारी, केसांत मोगरा. दोघं घरून चालत आली होती. आत्यांची कंबर दोन वर्षांपासून दुखते, ती चालताना नाही, गाडीत बसल्यावर.

आणि नेमकं त्याच दिवशी पापनाशमला सदाभिषेकम होतं. आत्यांची धाकटी बहीण राजलक्ष्मी, तिचे यजमान गुरुमूर्ती ऐंशीचे झाले होते. इकडे ऐंशी पुरी झाली की नवराबायकोला कलशाच्या पाण्यानं न्हाऊ घालतात आणि गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतात. मुहूर्त साडेदहाचा. दोघी बहिणी दोन वर्षांत एकमेकींना दिसल्या नव्हत्या. सेतुमाधवांनी महिनाभरात अकरा गाड्या पाहिल्या होत्या आणि अकरा नापास केल्या होत्या. मी बारावी. मीही नापास झाले, तर आत्या तो सोहळा फोनवर ऐकणार होत्या.

“डॉक्टरांची गाडी आहे, सार,” साईराम म्हणाला.

“कशाचे डॉक्टर?” सेतुमाधवांनी विचारलं.

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. साईरामनं थोडा विचार केला. “दातांचे.”

सेतुमाधवांनी पिशवीतून मान हलवणारी तंजावुरी बाहुली काढून माझ्या डॅशबोर्डवर ठेवली. त्यांची परीक्षेची पद्धत शास्त्रीय होती. चौकापर्यंत एक चक्कर मारायची आणि बाहुली किती वेळा मान हलवते ते वहीत मांडायचं. वीसच्या वर गेली की गाडी आत्यांच्या कंबरेला चालणार नाही. मित्रांनो, ही बाहुली एसीच्या वाऱ्यानंसुद्धा मान हलवते, आणि सेतुमाधव तिला प्रत्येक गाडीत एसीच्या झरोक्यासमोरच ठेवत आले होते. अकरा निष्पाप गाड्या अशा गेल्या.

आत्यांना पुढं शेजारी बसवून, चक्कर मारून आम्ही परत आलो.

“एकशे सदतीस,” सेतुमाधव म्हणाले. “आत्या, ही नको.”

“मज दुखलें नाही,” आत्या म्हणाल्या.

“पण बाहुली...”

“बाहुलीस कंबर कोठें आहे रे? खाली गोल मातीचा गोळा. मला विचार. मी मागच्या महिन्यापासून सांगतें आहें, मला विचार म्हणून.”

त्याचं असं आहे की माझ्या पुढच्या खुर्च्या शर्यतीच्या घाटाच्या आहेत. वेगात वळताना माणूस कलंडू नये म्हणून त्या कंबरेला दोन्ही बाजूंनी धरतात. माझ्या आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी खरोखर धरलं होतं.

“सरी, ठीक आहे, आत्या. उतरा मग, कागद करू.”

आत्यांनी प्रयत्न केला. माझी खुर्ची जमिनीपासून वीतभर उंच. कंबर खूश होती, पण गुडघे ऐकेनात. सेतुमाधवांनी एक हात धरला, साईरामनं दुसरा. आत्या होत्या तिथंच राहिल्या.

साईराम अनुभवी होता. त्यानं हळूच हात सोडला आणि म्हणाला, “सार, आता किंमत कमी होणार नाही.”

कागद झाले. आत्यांना तशाच घेऊन आम्ही निघालो. वाटेत गतिरोधक लागले की पोट घासू नये म्हणून सेतुमाधव मला तिरकी करून, खेकड्यासारखी पार करत. मागून येणाऱ्या बसचा कंडक्टर बाहेर डोकं काढून बघत होता. पण आम्ही दहा वाजून दहा मिनिटांनी पापनाशमला मांडवाच्या दारात पोचलो. तिथं चौघांनी आत्यांना उठवायची खटपट केली. सनई वाजू लागली तेव्हा आत्या म्हणाल्या, “सोडा मला. मला येथून वाजप ऐकूं येतें. तुम्ही आंत जा.”

मुहूर्त टळला नाही. न्हाण झालं, मंगळसूत्र झालं. मग ओल्या केसांच्या राजलक्ष्मी गळ्यात हार घेऊन सरळ दाराबाहेर आल्या आणि ड्रायव्हरच्या जागी येऊन बसल्या.

“बारीक झालीस, अक्का,” त्या म्हणाल्या.

“तूं नाही झालीस.”

एवढंच. माझ्या गिअरच्या दांड्यावर एकीचा हात आणि त्याच्यावर दुसरीचा. फोनवर दोन वर्षं बोलून झालं होतं बहुतेक.

त्यानंतर राजलक्ष्मी उठायला गेल्या. गुडघे दोघी बहिणींचे एकाच घराण्यातले.

बायकोला बोलवायला गुरुमूर्ती आले, मागच्या सीटवर टेकले, आणि तेही राहिले. गुरुजींना अजून आशीर्वाद म्हणायचे होते. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, सनरूफ उघडायला लावलं आणि वरून अक्षता टाकल्या. दोनशे पाहुणे रांगेनं आले आणि माझ्या बॉनेटला नमस्कार करून गेले. शंभराच्या वेगाची आठवण मला त्या दिवशी एकदाही झाली नाही.

संध्याकाळी शेजारच्या भातगिरणीतल्या गड्यांनी तिघांना बाहेर काढलं. आत्यांनी मात्र पुढच्या रविवारी पुन्हा माझ्यातच बसायचं बहिणीशी ठरवून घेतल्यावरच पाय खाली टेकला.

मित्रांनो, जुनी गाडी घेताना ती किती पळाली ते विचारू नका. जिला बसायचं आहे तिला बसवून बघा, आणि तिचंच ऐका. एवढं सांगून मी माझा अर्ज जोडते.

प्रति, माननीय वाहन नोंदणी अधिकारी. विनंती करण्यात येते की, माझ्या नोंदणीपुस्तकातील ‘स्पोर्ट्स सेडान’ हे शब्द खोडून त्या जागी ‘आरामखुर्ची, चाकांसह’ अशी नोंद व्हावी, वाहनकर घरगुती लाकडी सामानाच्या दराने आकारावा, आणि तपासणीसाठी मला रविवारी बोलावल्यास आत बसलेल्यांना उतरण्यास सांगू नये.