पोटाला हलकं

टेक

"थांबा," काचेपलीकडून कानसेन म्हणाला. "आवाज आला."

त्याचं खरं नाव वेगळं होतं. पण त्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत येणारे सगळे बोलणारे आणि ऐकणारा हा एकटाच, म्हणून कानसेन. वरच्या मजल्यावर कुणी चप्पल काढली तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. खोली त्याची, मालिका त्याची, नफा-तोटाही त्याचाच.

काचेच्या अलीकडे एकच मायक्रोफोन. त्याच्या दोन बाजूंना, तोंडासमोर तोंड, आत्या आणि आजोबा. लोक ही मालिका झोपायच्या आधी कानात घालून ऐकायचे. मालिकेतल्या घराची ती आत्या होती आणि ते तिचे वडील, म्हणजे घरातले आजोबा, म्हणून बाहेरही तीच नावं चिकटली. खरं तर आजोबा तिच्याहून थोडेच मोठे. केस काळेभोर होते तेव्हापासून बिचारे म्हातारे. दोघांना दोन मायक्रोफोन द्यायला कानसेन तयार नसे. म्हणायचा, भांडण एका ताटात जेवल्यासारखं ऐकू आलं पाहिजे.

"कसला रे आवाज?" आजोबांनी विचारलं.

"गुरगुर. कुणीतरी पोटात मांजर पाळलंय."

मांजर कुणाचं ते आत्याला पक्कं ठाऊक होतं. ते अजून तिच्या बरगड्यांखाली कूस बदलत होतं.

तिने आजोबांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि खोडकर पोराकडे बघून हसावं तसं जरासं हसली. काचेपलीकडचे डोळे तिच्या नजरेच्या मागोमाग गेले. आजोबांनी चपापून पोटावर हात ठेवला.

"अरे बापरे. माझंच असणार. सकाळी जरा जास्त हाणलं."

"काय आजोबा! उद्यापासून मांजराला घरी ठेवून या," कानसेन म्हणाला.

सगळे हसले. आत्याही.

कट.

त्याच्या आधीचं

मोठा ताप येऊन गेला होता. ताप गेला, पण जाताना आत्याचा दमही घेऊन गेला. लांब वाक्य आलं की शेवटचे शब्द विरून जायचे. डॉक्टरांनी दंड चाचपला आणि म्हणाले, अंगावर मांसच राहिलेलं नाही. प्रथिनं वाढवा. खाण्यातून जमत नसेल तर पावडर घ्या, फक्त पोटाला झेपेल अशी बघून घ्या.

दुकानात भिंतभर डबे होते आणि प्रत्येक डब्यावर एक फुगलेला दंड. दुकानदारही त्याच गोत्रातला, शर्टाच्या बाह्या जेमतेम तग धरून होत्या. आत्याने मनात त्याला पैलवान म्हणून टाकलं. तिच्या मागे दोन मुली उभ्या होत्या. त्यांतली एक तिच्या आवाजाकडे कान देऊन बघत होती, कुठेतरी ऐकलाय म्हणून.

सांगायचं होतं ते असं: मला दूध पचत नाही. गॅस होतो. पोट वाजतं.

सांगितलं ते असं: "पोटाला हलकं काहीतरी द्या."

"हलकं?" पैलवानाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला कशाला वजनाची काळजी, मावशी? पण आहे. हे घ्या. साखर शून्य."

डब्याच्या पाठीवर, मुंगीच्या अक्षरात:

दुधाच्या निवळीची प्रथिने. दुग्धशर्करा आहे. साखरेऐवजी गोडी आणणारी द्रव्ये. घट्टपणासाठी डिंक. जास्त सेवनाने पोट ढिले होऊ शकते.

आत्याने फक्त पुढची बाजू वाचली होती.

घरी गंमतच झाली. पहिल्याच पेल्यानंतर नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "काय गं, वर कुणी कपाट सरकवतंय का?" मग तो रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज सांगू लागला. "आज दक्षिणेकडून जोरदार वारे." ती त्याला उशी फेकून मारायची आणि हसून हसून पुन्हा वाजायची. घरात पोटाला अब्रू नसते.

ती पावडर बदलायला परत गेली. दुकानात तेव्हाही गर्दी होती.

"हे जरा... जड जातंय."

"जड? मग पाण्यातून नका घेऊ, दुधातून घ्या. मस्त मऊ लागतं."

तिने दुधातून घेतलं.

रीटेक

रीटेक

रीटेक

"आजोबा!"

"सॉरी, सॉरी. आज तर मी फक्त चहा घेतला होता रे."

पुढच्या खेपेला त्यांनी चहाही घेतला नाही. मधल्या सुट्टीत जेवणाचा डबा न उघडता तसाच पिशवीत ठेवायचे. मग डबा यायचाच बंद झाला. "संध्याकाळी घरी गेल्यावर खातो," ते म्हणाले, "तुमचा खोळंबा नको."

आत्याने पावडर बंद करावी की नाही? करावी. पण दम परत येऊ लागला होता. वाक्य एका श्वासात शेवटपर्यंत जायचं आणि वर थोडा श्वास शिल्लक उरायचा. कानसेन काचेपलीकडून अंगठा दाखवायचा: "आत्या, आवाज काय लागलाय!" त्याच वेळी समोरचा आवाज मात्र बारीक होत चालला होता. रागावणारा बाप आता औषध मागणाऱ्या बापासारखा वाटायचा.

रोज जाताना ती ठरवायची, आज सांगू. रोज पोट वाजायचं, आजोबांचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर जायचा, आणि तिचं सांगणं घशातून खाली उतरायचं. ते मात्र तिला बरोबर पचत होतं.

"अगं, तुझ्याही कानाला त्रास होत असेल ना?" एकदा जिन्यात त्यांनी विचारलं. "इतकी जवळ उभी असतेस."

"छे हो, आजोबा. मला नाही काही."

तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. पिशवी रिकामी होती.

एकेकटे

शेवटी कानसेन वैतागला. "आता पुरे. एकेक जण आत जा. नुसते उभे राहा, बोलू नका. कोण वाजतंय ते एकदा ठरूनच जाऊ दे. आधी आजोबा."

आजोबा आत गेले आणि शाळेत शिक्षा झाल्यासारखे हात बांधून उभे राहिले. आत्या कानसेनच्या शेजारी, स्पीकरसमोर. आता आतून काहीच येणार नाही, मग तिची पाळी, आणि मग सगळं उघडं. तेच बरं, असं तिला एक क्षण वाटलं. न बोलताच सुटेल.

स्पीकरमधून शांतता आली. मग आवाज आला.

लांब, बारीक, शेवटी वर चढणारा. खोल विहिरीत पोहरा आपटावा तसा.

"सापडलं," कानसेन म्हणाला.

आत्या काचेकडे बघत राहिली. तिचं पोट असं वाजायचं नाही. तिचं भरल्या पोटाचं बुडबुडणं होतं. हा आवाज भुकेचा होता. तिच्या एका नजरेने माणूस उपाशी राहिला होता, आणि त्याची भूकच आता त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

कानसेनने आत आवाज पोचवणारं बटण दाबलं. वाईट माणूस नव्हता तो, सांभाळूनच बोलला. "आजोबा, राहिलेले भाग दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ या का? तुम्ही जरा तब्येतीकडे बघा."

"हो, हो. बरोबर आहे," आजोबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवायला घेतला. खिसा सापडेना.

मनातले टेक

कानसेन, त्यांना एक संधी दे रे. (खोटं.)

दोघांचंही वाजत असेल कदाचित. (अर्धं खोटं.)

आज खुर्ची करकरत होती का? (खोलीत खुर्चीच नव्हती.)

टेक

"ते भुकेचं आहे," आत्या म्हणाली.

"काय?"

"उपाशी आहेत ते, म्हणून वाजतंय. आधीचं सगळं माझं."

"सगळं?"

"सगळं. मी पावडर घेते. ती मला पचत नाही. मला गॅस होतो."

बटणावरचं कानसेनचं बोट उचललं गेलं नव्हतं. शब्द तसेच काचेपलीकडे गेले होते, आणि आपल्या कमावलेल्या आवाजातला 'गॅस' तिला आतल्या स्पीकरमधून स्पष्ट ऐकू आला.

कानसेन आधी बघतच राहिला, मग डोकं मागे टाकून हसला. "आत्या! तुम्ही? अहो, लोक तुमचा आवाज ऐकून झोपतात!"

ती वाट बघत होती की आजोबाही हसतील. ते दार उघडून बाहेर आले.

"तुला पहिल्याच दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मग माझ्याकडे काय बघत होतीस?"

तिने नजर काचेकडे वळवली.

"मला खरंच वाटलं गं, माझंच आहे म्हणून," आजोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढायला अंगात काही नव्हतंच. "घरी बायको म्हणाली, तुमचं काही वाजत नाही. नातवाने पोटाला कान लावून पाहिला. मी त्यांनाच वेड्यात काढलं. म्हटलं, तुम्हाला काय कळतंय, आत्याने ऐकलंय."

कानसेनचं हसू थांबलं. "आजोबा, ते दुसऱ्या कुणाचं वगैरे सोडून द्या. तुम्हीच करायचंय."

"आधी जेवून येतो," ते म्हणाले.

"मी आणते काहीतरी, तुम्ही बसा," आत्या पुढे झाली.

"नको."

ते जिना उतरून गेले. परत येतील की नाही, ते काही बोलले नाहीत.

सुट्टीत

आत्या त्याच रस्त्यावरच्या पावडरच्या दुकानात गेली. आत घामाघूम तरुण उभे होते. तिने आवाज लपवला नाही.

"मला दूध पचत नाही. तुम्ही दिलेल्या डब्याने मला गॅस होतो, पोट वाजतं, आणि चारचौघात वाजतं."

पैलवान गंभीर झाला. "अहो मावशी, मग तसं सांगायचं ना! तुम्ही हलकं म्हणालात." त्याने खालच्या फळीवरून एक साधा डबा काढला, त्यावर दंडही नव्हता. "वाटाण्याची आणि तांदळाची आहे. दूध नाही, ती खोटी गोडी नाही. चव मातकट लागेल. सुरुवात अर्ध्या मापाने करा, पाण्यातून. पोट कुरकुरलं नाही तरच वाढवा. कुरकुरलं तर परत आणा, वेगळी बघू."

मागचा एक दांडगा पुढे झुकला. "मला पण तीच दाखव."

कुणी हसलं नाही. वाक्य संपलं, डबा हातात आला. इतकंच होतं तर. इतकंसं होतं म्हणूनच दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिला वर बघवेना.

टेक

आजोबा परत आले. ओठाच्या कोपऱ्यात एक शीत चिकटलेलं होतं. आत्याला ते सांगायचं धाडस झालं नाही.

दोघं मायक्रोफोनच्या दोन बाजूंना उभे राहिले. आजोबांनी बापाचं वाक्य म्हटलं. आवाज पुन्हा भरदार झाला होता, खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेला. कानसेनने मान डोलावली. आत्याने तिचं वाक्य उचललं, आणि मधेच सकाळचा पेला तिच्या आत गडगडला.

"थांबा," कानसेन म्हणाला.

आजोबांचा हात सवयीने पोटाकडे निघाला आणि वाटेतच थांबला.

आत्याने हात वर केला, वर्गात करतात तसा, कोपर सरळ ठेवून. कानापर्यंत लाल झाली होती. हात खाली घ्यायचा कधी, ते तिला कळेना.

आजोबा कागदाकडे बघत होते. इतक्या वर्षांत ते तिच्याशी 'अगं' शिवाय बोलले नव्हते.

"पान तेच आहे, बाई," ते म्हणाले. "वरून घ्या."