नऊ नंबरची पट्टी

सभागृह समितीच्या मंडळींनो, तुम्ही एका माणसाचा आवाज सात वर्षं बंद ठेवलात आणि वर त्यालाच पत्र धाडलंत, की बाबा, तू वाजवत का नाहीस? सही करताना पेन तरी अडखळायला हवं होतं.

तो माणूस म्हणजे कवळीवाले. आठवडाभर दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि रविवारी तुमच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवायची, एवढ्यावर गडी खूश होता. तुमचं पत्र आलं तेव्हा त्यांच्या हातात कुणाचा तरी वरचा जबडा होता.

‘ध्वनिमुद्रण ऐकले असता आपले वाद्य आढळून आले नाही. सबब आपली जागा रद्द का करू नये, याचा खुलासा रविवारी सकाळी समक्ष करावा.’

कवळीवाल्यांनी पत्र तीनदा वाचलं, जबडा खाली ठेवला आणि घरी जाऊन बायकोला गाठलं.

“अगं, तू दर कार्यक्रमाला मागच्या रांगेत असतेस. मी वाजवतो कसा?”

“उभे छान राहता.”

“वाजवतो कसा, ते विचारतोय.”

“आता खरं सांगू का? मला वाटायचं, ते वाद्य असंच असतं. शोभेचं.”

“सात वर्षं तुला असं वाटत होतं?”

“तुम्ही डोळे मिटून इतकी मान डोलवायचात! म्हटलं, कशाला मन मोडा.”

कवळीवाल्यांना हे पटेना. कारण त्यांना स्वतःला तर सगळं ऐकू यायचं! त्याचं कारण होता त्यांचा डबा. बासच्या तारांचा आवाज मुळात नाजूक. त्याला आधी बळ द्यायचं आणि मग थेट सभागृहाच्या मिक्सरकडे पाठवायचं, हे त्या डब्याचं काम. प्रीअँप आणि डीआय बॉक्स एकातच. कवळीवाल्यांनी तो स्वतःच्या हातांनी जोडला होता. बटणांवर, कवळीच्या हिरड्या ज्यापासून घडवतात त्या गुलाबी मसाल्याच्या टोप्यासुद्धा बसवल्या होत्या. डब्यात चॅनल दोन: पहिला गिटारसाठी, दुसरा सासऱ्यांकडून आलेल्या, माणसाएवढ्या उंच लाकडी बाससाठी. तो बास तुमच्या स्टेजच्या दारातून कधी आत शिरलाच नाही, म्हणून दुसरा चॅनल कोरा करकरीत राहिला होता. पहिल्या चॅनलमधून एक वायर पायाशी ठेवलेल्या छोट्या अँपला जायची, दुसरी स्टेजवरच्या नऊ नंबरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे तिथून मिक्सरकडे. अँप गुरगुरला की कवळीवाल्यांना वाटायचं, अख्खं सभागृह गुरगुरतंय.

रविवारी ते तासभर आधीच पोचले आणि बायकोला घेऊन तडक मिक्सरपाशी गेले. तिथे बसणारी साउंडवाली वायरी गुंडाळत होती. आवाज कमी-जास्त करायच्या नऊ नंबरच्या दांडीवर एक पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं: ‘घूं आवाज येतो. बंद ठेवावे. चिटणीस.’

“ताई, हे काय?”

“मी आले तेव्हापासून आहे काका. माझ्या आधीच्या दोघांनीही बंदच ठेवलं होतं.”

“मी वाजवताना दिसत नव्हतो तुला?”

“दिसायचात की! मला वाटलं, समितीला तुम्ही नुसते दिसायला हवे आहात.”

कवळीवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सात वर्षांपूर्वी पहिल्या तालमीला खरंच घूं आलं होतं. दोन ठिकाणचं अर्थिंग आपसात भांडलं की येतं तसं. त्याच आठवड्यात त्यांनी डब्याला ते भांडण तोडणारा खटका बसवला आणि ‘आता घूं येत नाही’ असं तुम्हाला लेखी कळवलं. तो कागद तुम्ही कुठे घातलात? त्यांनी पट्टीला नख लावलं, तशी साउंडवाली ओरडली, “हात नका लावू काका! समितीची पट्टी आहे, माझी नोकरी जाईल.”

कवळीवाल्यांनी हात मागे घेतला. कुणाच्या पोटावर पाय देणारा माणूस नव्हे तो.

“अहो,” बायको म्हणाली, “तुमच्या डब्याला दुसरं भोक आहे ना? आणि त्या दहा नंबरवर पट्टी कुठाय?”

साउंडवालीने आधी दहा नंबरकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि फिदीफिदी हसत सुटली.

तुम्ही सगळे आलात. अध्यक्ष मधोमध बसले, चिटणिसांनी फाइल उघडली. “हं कवळीवाले, करा खुलासा.”

कवळीवाल्यांनी स्टेजवर जाऊन गिटारची वायर डब्याच्या दुसऱ्या चॅनलमध्ये खुपसली, तिथून दहा नंबरला वायर दिली आणि सगळ्यात जाड तार छेडली.

खुर्च्यांचे पाय थरथरले. भिंतीवरच्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी खडखडल्या. टेबलावरचा पाण्याचा पेला चालत चालत चिटणिसांच्या फाइलपाशी गेला. हलली नाही ती फक्त अध्यक्षांची कवळी, कारण ती कवळीवाल्यांनीच बसवली होती.

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “हे नवीन कोण?”

“नवीन नाही साहेब. हे सात वर्षांपासूनचे,” साउंडवाली मागून म्हणाली.

चिटणिसांनी फाइल चाळली. “दहा नंबरवर यांची नोंदच नाही. नऊवर नोंद आहे, पण तिथे आवाज नाही. तेव्हा जागा रद्द करण्याचा ठराव—”

कवळीवाल्यांनी परत तार छेडली. चिटणिसांचे नुसते ओठ हलताना दिसले. ते थांबले, की हे थांबायचे. त्यांनी ‘ठराव’ म्हणायला तोंड उघडलं, की परत तार. असं पाच वेळा झालं. मागे बसलेल्या बायकोची मान आता तालावर डोलत होती. सात वर्षांत पहिल्यांदा. ते पाहिलं आणि कवळीवाल्यांनी स्टूल ओढून स्टेजवर बैठकच मारली.

“आधी मला उत्तर द्या, मग ठराव करा,” ते म्हणाले. “पट्टी तुमची, हुकूम तुमचा, मग न वाजल्याचा खुलासा मी का करायचा?”

ठराव तिथेच लटकलाय. चिटणीस, अध्यक्ष, ज्याची कुणाची सही लागते त्याने पुढे यावं. नऊ नंबरची पट्टी कोण काढणार, आणि कधी? लेखी सांगा. तोवर दहा नंबर चालू आहे.