फुटके धरायचे नाहीत

आमच्या ऑफिसात परागकण मोजायचा एक नियम आहे. अख्खा कण दिसला तरच मोजायचा. फुटका, अर्धा, सोललेला असला तर सोडून द्यायचा. त्या दुपारी मायक्रोस्कोपला डोळा लावून मी त्या नियमाला आणि तो करणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

छपरावर आमचं एक यंत्र आहे. ते दिवसरात्र हवा ओढतं आणि आत फिरणाऱ्या चिकट पट्टीवर उडत आलेलं सगळं चिकटतं. भूर्जाच्या झाडांच्या फुलोऱ्याचे दिवस, शहराभोवतीच्या टेकड्या भूर्जांनी गच्च, आणि सकाळच्या पट्टीवर अख्खे कण बोटांवर मोजण्याइतके! आमच्या मोजणीवाल्याने, म्हणजे भिंगवाल्याने, 'कमी' असं कळवलं. त्यावर वाऱ्याचं गणित बसवून मी रेडिओवर दमेकऱ्यांसाठी हिरवा रंग जाहीर केला, म्हणजे धोका नाही. वर "आज खुशाल बाहेर पडा" हेही मीच जोडलं. माझी जीभ मुळातच सैल.

दुपारी दवाखान्यांतून फोन यायला लागले, तेव्हा मी पट्टी परत काढली. पट्टीभर नुसती टरफलं होती. पहाटेच्या वादळात कण भिजून फुटले होते. अख्खा कण नाकात अडकतो, माणूस शिंकतो आणि कामाला लागतो. फुटलेल्या कणाची भुकटी मात्र थेट छातीत उतरते. रडारवर बघितलं, तर दुसरं वादळ टेकड्यांवरून शहराकडे निघालेलं. पावसाच्या आधी त्याचा गार वारा येणार होता, आणि भुकटी त्याच्याबरोबर.

"अरे, एवढे फुटके दिसले नाहीत का तुला?" मी भिंगवाल्यावर ओरडले.

"दिसले ना मॅडम. पण फुटके धरायचे नाहीत, हे तुम्हीच तर शिकवलंत."

मी साहेबांच्या खोलीत घुसले. रंग लाल करा म्हटलं. ते म्हणाले, रंग दिवसातून एकदाच बदलतो, सकाळी. मध्येच बदलला तर लोकांचा विश्वास उडतो.

"लोकांचा जीव उडेल, त्याचं काय?"

"आवाज खाली. उद्या सकाळी बघू."

माझं डोकं सटकलं. त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलून मी भिरकावला. तो त्यांच्या भुवईवर बसला आणि रक्त चष्म्यावर ओघळलं. "तुझी नोकरी गेली," असं ते म्हणाले. नोकरी गेली खड्ड्यात, म्हणत मी जिना उतरले. माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. धाकट्या भावाच्या शाळेची मॅच होती, तो मुलांना खेळ शिकवतो, आणि त्याची मुलगी, माझी भाची, त्या संघात होती. आम्ही तिला चिमणी म्हणतो. चिमणीला दमा आहे.

धाकटा फोन उचलेना. मी गाडी अशी हाणली की चौकात एका गाडीचा आरसा उडवला आणि थांबलेसुद्धा नाही.

मैदानावर पोचले तेव्हा टेकड्यांच्या बाजूने आभाळ काळंनिळं झालं होतं. मी सरळ खेळात घुसले आणि चिमणीचा दंड धरला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. धाकटा धावत आला.

"ताई, वेड लागलंय का? सोड तिला!"

"आत ने सगळ्यांना. वारा येतोय. पंप कुठाय हिचा?"

"घरी. तूच हिरवा दिलास ना सकाळी? हिरव्या दिवशी तिला पंपाचं ओझं नको वाटतं, आणि मी पण म्हटलं, आत्याने सांगितलंय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

मी त्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने मला ढकललं, मी गुडघ्यांवर आपटले, आणि तेवढ्यात वारा आला. गार, धुळकट, जोराचा. गोलचे खांब आडवे झाले. मुलं डोळे चोळत हसत होती. मग चिमणी खाली बसली, मान पुढे काढून, तोंड उघडं. तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि ओठ निळे पडायला लागले.

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी बाकावरच्या पिशव्या उलट्या करत सुटले. डबे, मोजे, बाटल्या, पंप नाही. आणि मग कडेला एक बाई दिसली. तिचा मुलगाही धापा टाकत होता आणि ती त्याच्यासाठी पर्समधून पंप काढत होती.

मी विचारलं नाही. झडप घातली. तिने मुठीत घट्ट धरला, म्हणून मी तिच्या मनगटाला कडकडून चावले. तिने माझे केस ओढले. मी कोपर मारलं, तिचा ओठ फाटला, आणि पंप माझ्या हातात आला. चिमणीच्या तोंडात एक दाब दिला, दुसरा दिला, तिसरा दिला. शिट्टी बारीक झाली. चिमणीने धाकट्याचा शर्ट पकडला आणि रडली. रडायला श्वास लागतो. मला एवढा आनंद झाला की मी हसले.

मग वळून मी त्या मुलाच्या तोंडाला पंप लावला आणि दाबला. परत दाबला. आतून नुसता कोरडा टकटक आवाज आला.

ॲम्ब्युलन्सचा नंबर लागत नव्हता; सगळं शहरच फोन करत होतं. मी मुलाला उचलून मागच्या सीटवर टाकलं. त्याची आई शेजारी बसली आणि मी गाडी सोडली.

तिने मागून मारायला सुरुवात केली. बुक्क्यांनी, पर्सच्या कडीने, चपलेने. "चोर! हलकट! माझ्या पोराचा होता तो!" माझा कान फाटला, रक्त मानेवरून आत गेलं. मी ब्रेकला पाय लावला नाही. तिने केस धरून माझं डोकं काचेवर आपटलं, तरी मी स्टिअरिंग सोडलं नाही. फुटपाथवरून, लाल दिव्यांतून, पावसातून गाडी काढली. मागे त्याची शिट्टी ऐकू येत होती, आणि ती ऐकू येतेय तोवर मी कितीही मार खायला तयार होते.

दवाखान्याचं फाटक दिसायला लागलं तेव्हा मागचा मार थांबला. शिट्टीही थांबली होती. त्याची आई दोन्ही हातांनी त्याला हलवत होती, हाक मारत होती.

"मारा ना," मी ओरडले. "बाई, मारा मला! थांबलात का?"