भाऊबिजेचा फोटो

उल्काला कोणी खोटारडी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या पहाटे लॅपटॉपवरच्या सुनावणीत अमेरिकेतला सरकारी वकील तिला गोड बोलून अगदी तेच म्हणत होता, आणि तिचा नवरा, म्हणजे मी, सिंगापुरात क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दाराआड मुकाट उभा होतो. साक्षीदाराजवळ दुसरं कोणी नको, असा कोर्टाचा नियम. खरं तर मी खाली जाऊन बसायला हवं होतं, पण राहवेना.

उल्काचा धाकटा भाऊ विक्रांत तिकडे तुरुंगात आहे. का, तर म्हणे भागीदाराचं दुकान जाळलं. आग लागली तेव्हा तो घरी बसून उल्काशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता, पण त्याच्या पहिल्या वकिलाने, त्या गाढवाने, तिला साक्षीला बोलावलंच नाही. म्हणून आता विक्रांतने फेडरल कोर्टात अर्ज केला होता, की मला डांबून ठेवणं कायद्याला धरून आहे का ते तपासा. सगळी भिस्त उल्कावर. कॉल लागल्याची नोंद होती, पण कॅमेऱ्यासमोर विक्रांतच होता हे पाहिलं होतं फक्त तिने. जजना तिचं पटलं तर खटला नव्याने चालणार. नाहीतर पोरगा म्हातारा होऊनच बाहेर येणार.

तिने छान सांगितलं.

मग त्या वकिलाने स्क्रीनवर तिच्याच फेसबुकवरचा फोटो लावला. आमचं डायनिंग टेबल, त्यावर लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये हसणारा विक्रांत आणि त्याला ओवाळणारी उल्का. खाली लिहिलेलं, 'टोरांटोहून थेट भाऊबीज.' त्या दिवशी तर तो आमच्या तुरुंगात होता, मग हा व्हिडिओ कॉल कुठला, असं वकिलाने विचारलं.

कॉल नव्हताच. लॅपटॉपवर जुना फोटो लावून तिने निरांजन फिरवलं होतं. इथल्या बुकित बातोक भागात मराठी मंडळाच्या गणपतीत, मंडळातल्या मधुवंतीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, हल्ली भाऊ कुठे असतो गं? तेव्हा कॅनडा मीच ठोकून दिलं. आमचा पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायम राहण्याचा, अर्ज चालू होता, मंडळात चार लोक ओळखत होते, आणि मेहुणा जेलमध्ये म्हणजे काय शोभा! ओवाळायची कल्पनाही माझीच. उल्का रडत होती, तरी मोबाइल धरून मी म्हटलं, जरा हस की.

उल्काने फोटो खोटा असल्याचं कबूल केलं. माझं नाव घेतलं नाही. लाज वाटत होती म्हणून केलं, म्हणाली. बाजूच्या चौकटीत कैद्याच्या कपड्यांत विक्रांत ऐकत होता. इथल्या लोकांच्या लेखी आपण कॅनडात आहोत हे त्या बिचाऱ्याला आजच कळलं.

मग जज स्वतः बोलल्या. "तो निर्दोष आहे हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणता. मग लाज कसली?"

उल्काने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. जजनी विचारलं, तिथे कोणी आहे का?

दोन पावलं पुढे होऊन सांगायचं होतं, की बाईसाहेब, लाज माझी. मी फ्रिजच्या आडोशाला सरकलो.

"नाही," उल्का म्हणाली, "कोणी नाही."